चेहऱ्यावरची सुई आणि नव्या परिचारिकेचा हात

प्रश्न : मी यंदा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केले असून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे माझी नोंदणीही झाली आहे. सध्या मी पुण्यात बाणेर भागातील एका त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये काम करते. तेथे बोटॉक्स (सुरकुत्या कमी करणारे इंजेक्शन) आणि फिलर (त्वचेखाली भरून उठाव देणारा पदार्थ) यांसाठी बरेच लोक येतात. मी दोन दिवसांचा एक कोर्स करून प्रमाणपत्र मिळवले आहे आणि आता डॉक्टर नसताना ‘सोपी’ इंजेक्शने मीच द्यावीत, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. सलाइन लावताना मला कधी भीती वाटली नाही, पण चेहऱ्याजवळ सुई नेली की हात थरथरतो. हा आत्मविश्वास कसा मिळवावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा हात थरथरतो, याची मला काळजी वाटत नाही. ज्या कामातील धोका कळला आहे, पण ज्याची तयारी अजून पुरी झालेली नाही, तेथे हात अडखळणे स्वाभाविक आहे आणि रुग्णाच्या हिताचेही आहे. मला काळजी वाटते ती ‘डॉक्टर नसताना’ या दोन शब्दांची. परिचारिकेची नोंदणी स्वतंत्रपणे निदान करण्याचा किंवा औषध आणि त्याची मात्रा ठरवण्याचा अधिकार देत नाही, आणि कोणत्याही खासगी कोर्सचे प्रमाणपत्र तो अधिकार देऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये अनेक परिचारिका ही इंजेक्शने देतात, हे खरे आहे; परंतु औषध लिहून देण्यासाठी तेथे वेगळी पात्रता लागते, आणि १ जून २०२५ पासून तेथील नर्सिंग परिषदेने, सौंदर्योपचारासाठी औषध लिहून देणाऱ्या परिचारिकेने रुग्णाला आधी समोरासमोर भेटलेच पाहिजे, असे बंधन घातले आहे. तेव्हा तेथील परिचारिकांचे उदाहरण कोणी पुढे केले, तर त्या परिचारिकांवरची बंधनेही त्याला सांगा. डॉक्टर हजर नसताना सुई हाती घेऊ नका; तुमचे शिकणे त्यांच्या शेजारी उभे राहूनच व्हायला हवे.

शेजारी उभे राहून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. बोटुलिनम टॉक्सिनची, म्हणजे बोटॉक्समधल्या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, कुपी तयार करणे हेच पाहा. १०० युनिटच्या कुपीत अडीच मिलिलिटर सलाइन घातले, तर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. एकच मिलिलिटर घातले, तर तेवढ्याच द्रवात १० युनिट येतात. सिरिंज दिसायला तीच, मात्रा मात्र अडीच पट. शिवाय एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते. हा हिशेब डॉक्टरांनी विचारताक्षणी सांगता येईल इतका पक्का करा. कपाळावरचे औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरले, तर पापणी काही आठवडे खाली राहू शकते, म्हणून सुई कोठे टोचायची आणि किती खोल न्यायची, यामागचे शरीररचनाशास्त्र पहिल्या वर्षाच्या पुस्तकातून पुन्हा काढून वाचा.

टॉक्सिनचा परिणाम काही दिवसांनी दिसू लागतो आणि साधारण दोन आठवड्यांनी पूर्ण होतो. त्या वेळी रुग्णाला परत बोलावून, त्याच प्रकाशात आणि त्याच कोनातून छायाचित्र घेण्याचे काम तुम्ही मागून घ्या. कोठे किती युनिट दिले होते त्याची नोंद एका हातात आणि समोर तो चेहरा, असे अनेकदा पाहिल्यावर एक भुवई वर का राहिली, हे तुम्हाला उमगू लागेल. माझ्या मते कोणत्याही कोर्सपेक्षा हे शिक्षण मोठे आहे, आणि दुर्दैवाने बहुतेक नव्या मुली ते टाळून थेट सुईकडे धावतात.

फिलरच्या बाबतीत मी अधिक कठोरपणे लिहिते. फिलर रक्तवाहिनीत गेले किंवा तिच्यावर त्याचा दाब आला, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटून त्वचा मरू शकते. नाकाच्या आणि दोन्ही भुवयांमधल्या भागातील धमन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असल्याने कायमचे अंधत्वही येऊ शकते. त्वचा अचानक पांढरी पडणे, नंतर जाळीदार निळसर डाग उमटणे, अपेक्षेपेक्षा जास्त वेदना होणे, बोटाने दाबून सोडल्यावर रंग उशिरा परतणे, ही लक्षणे सर्वांत आधी ओळखणारी व्यक्ती बऱ्याचदा शेजारी उभी असलेली परिचारिकाच असते, कारण डॉक्टरांचे लक्ष सुईच्या टोकावर असते. तेव्हा ‘थांबा’ असे मोठ्याने म्हणण्याचे धैर्य तुमच्यात हवे. हायलुरोनिक आम्लाचे फिलर विरघळवणारे हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये आहे का, त्याची मुदत संपली नाही ना, ते कसे तयार करायचे, हे तुम्हाला न पाहता सांगता आले पाहिजे; प्रत्येक फिलर त्याने विरघळत नाही, हेही लक्षात ठेवा. दृष्टीबाबत जराही तक्रार आली, तर एक मिनिटही न दवडता रुग्णाला कोणत्या रुग्णालयात पाठवायचे, हे आधीच ठरलेले असावे. ॲनाफिलॅक्सिससाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीसाठी, ॲड्रेनलिनचा सराव तर तुमच्या मूळ शिक्षणाचाच भाग आहे.

नोंदी ठेवणे, संमतीपत्र समजावून सांगणे, कुपीचा बॅच नंबर लिहिणे, वापरलेल्या सुया, सुईने भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकणे, ही कामे तुम्हाला येतच असतील. मात्र गर्भवती स्त्री, स्तनपान करणारी आई किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचा रुग्ण समोर आला, तर आधी डॉक्टरांना कळवा. लग्न आठवड्यावर आले असताना पहिल्यांदाच फिलर मागणाऱ्या मुलीला सूज आणि काळे-निळे डाग काही दिवस राहू शकतात, हे स्पष्ट सांगा.

व्यवस्थापनाशी बोलताना तोंडी वाद घालू नका. ‘डॉक्टरांच्या उपस्थितीत आणि त्यांच्या लेखी सूचनेनुसार साहाय्य करण्यास मी तयार आहे, त्यांच्या अनुपस्थितीत इंजेक्शन देणार नाही,’ असे दोन ओळींचे पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. तरीही आग्रह चालू राहिला, तर नोकरी बदला. पुण्यात त्वचारोग आणि प्लास्टिक सर्जरी हे विभाग असलेली अनेक मोठी रुग्णालये आहेत. तेथे पगार कदाचित थोडा कमी मिळेल, परंतु ज्येष्ठ डॉक्टर आणि अनुभवी सिस्टर यांच्या देखरेखीखाली शिकता येईल, आणि मुलाखतीला जाताना ‘गुंतागुंत झाल्यास येथे काय करता?’ हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा.