मॅग्नेशियम ऑक्साइडवरची एपिटॅक्सियल वायबीसीओ फिल्म (वायबीसीओ हा अतिवाहक; एपिटॅक्सियल म्हणजे कण खालच्या स्फटिकाशी सगळ्या दिशांनी जुळवून उगवलेले). एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) फक्त ००एल शिखरं, म्हणजे कणांचा सी-अक्ष उभा; टीसी (अतिवाहकता येण्याचं तापमान) ९० केल्विन, संक्रमण तीव्र, तरी एम-एच लूप (क्षेत्रानुसार चुंबकनाचा आलेख) बारीक. ऑक्सिजन अनिलिंग (ऑक्सिजनमध्ये तापवणं) वाढवू का?

नका वाढवू. टीसी ९० आहे आणि संक्रमण तीव्र आहे म्हणता, म्हणजे ऑक्सिजन पुरेसा आहे. पण 'मॅग्नेशियम ऑक्साइडवरची एपिटॅक्सियल वायबीसीओ फिल्म' हे तुमचे शब्द वाचले आणि माझी जुनी खपली निघाली.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे हुबेहूब अशीच फिल्म होती. थीटा-टूथीटात (नेहमीच्या एक्सआरडी स्कॅनमध्ये) ००एल सोडून काही नाही, रॉकिंग कर्व्ह अरुंद, म्हणजे कण फारसे कललेले नाहीत. गाइडनी त्याच दिवशी पेपरच्या मसुद्यात 'एपिटॅक्सियल' लिहून टाकलं. मी म्हटलं, फाय-स्कॅन करू या, म्हणजे नमुना प्रतलात गोल फिरवत एखादं तिरकस शिखर मोजू या. "शिखरं दिसतायत ना? मग मशीन कशाला अडवायचं!" पुढे ७७ केल्विनला लूप काढला तर अगदी चपटा. खापर माझ्यावर: नमुना तिरका लावलास. चार वेळा नव्याने लावला, चारही वेळा तोच लूप. शेवटी एका रात्री कुणाला न विचारता १०३ शिखरावर फाय-स्कॅन लावला. दर ९० अंशांनी एक, अशी चार शिखरं आली, आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध आणखी चार! सगळ्या कणांचा सी-अक्ष उभाच होता, पण बरेच कण प्रतलात ४५ अंशांनी फिरलेले. ००एल शिखरांना हे फिरणं कळतच नाही.

अशा कण-सीमेतून प्रवाह जेमतेम जातो. डिमॉस, चौधरी आणि मॅनहार्ट यांनी द्विस्फटिकांवर (कोनात जोडलेल्या दोन स्फटिकांवर) हे १९८८ मध्येच दाखवलं होतं. टीसी मात्र छान येतो, कारण रोध शून्य व्हायला जोडलेली एक वाट पुरते. लूपची रुंदी जेसी (रोधाशिवाय वाहू शकणारी कमाल प्रवाह-घनता) गुणिले प्रवाहाच्या वेढ्याचा आकार, अशी ठरते. वेढा कणापुरताच फिरत असेल आणि तुम्ही बीनच्या सूत्रात (लूपवरून जेसी काढायच्या) अख्ख्या नमुन्याची रुंदी घातलीत, तर जेसी पडलेलाच दिसणार. एसी ससेप्टिबिलिटीत (बदलत्या क्षेत्राला फिल्मच्या प्रतिसादात) दोन पायऱ्या दिसतात का बघा: एक कणांची, एक त्यांच्यातल्या जोडांची.

मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतला ओलावा धरतं आणि खराब पृष्ठभागावर हे ४५ अंशांचे कण जास्त उगवतात. फिल्म टाकण्याआधी सबस्ट्रेट (फिल्मखालचा स्फटिक) भाजून घ्या, किंवा सरळ स्ट्रॉन्शियम टायटनेट वापरा. तिथे मात्र ए-अक्षाचे कण (ज्यांचा सी-अक्ष आडवा) लपतात: स्फटिकात सी ही लांबी साधारण ए-च्या तिप्पट, त्यामुळे २०० शिखर ००६ ला चिकटून येतं आणि वर सबस्ट्रेटचंही शिखर तिथेच.

हो, जाडी नीट मोजली आहे ना? आकारमान चुकलं तर जेसीही चुकतो, मग वरचं सगळं गैरलागू. ते आधी बघा.

आणि फाय-स्कॅन कराच, गाइड नको म्हणाले तरी. आमच्या मसुद्यातला 'एपिटॅक्सियल' शेवटी परीक्षकाने खोडायला लावला. मी सांगितलं तेव्हा नव्हता खोडला.