नागपुरात किराण्याची स्टोअर-रूम कशी लावावी, म्हणजे ती पुन्हा पसरणार नाही आणि पावसाळ्यात किडे होणार नाहीत?

तुमची अडचण अशी की चार बाय चारची स्टोअर-रूम कितीही लावली तरी पंधरा दिवसांत पसारा होतो आणि जूनपासून रवा-बेसनात अळ्या पडतात. दोन्हींचं मूळ एकच आहे: डब्यात न मावल्यामुळे रबर लावून कोपऱ्यात खोचलेली अर्धी पुडी. पसारा तिच्यापासून सुरू होतो आणि अळीही तिच्यातूनच शेजारच्या डब्यांकडे जाते. पातळ प्लास्टिक ती कुरतडू शकते, दुमडलेल्या तोंडातून तर सहज शिरते.

म्हणून फळ्यांच्या आधी डब्यांचा हिशेब करा. आपण सामान किलोवर आणतो, पण डबा लिटरवर भरतो. तांदूळ, तूर डाळ, साखर यांना किलोमागे साधारण सव्वा लिटर जागा लागते, रव्याला दीड, कणीक आणि बेसनाला जवळजवळ दोन. पोह्यांना तीन-चार लिटर धरा. दीड लिटरच्या डब्यात किलोभर बेसन कधीच मावणार नाही, पुडी उरणारच. तेव्हा डबा तरी मोठा घ्या, नाहीतर अर्धा किलोच आणा. रवा, बेसन, मैदा जून ते सप्टेंबर अर्धा किलोच आणावा, इतवारीच्या बाजारात कितीही स्वस्त मिळाला तरी. डबे शक्यतो चौकोनी घ्या, गोल डब्यांमध्ये कोपरे वाया जातात.

फळी बारा इंचांपेक्षा खोल नको. त्याहून खोल असेल तर मागची रांग विसरली जाते आणि तीच वस्तू दुसऱ्यांदा आणली जाते. कंबर ते डोळे या उंचीवर रोजचं सामान, त्याच्या वर कुरड्या, पापड, वड्या. तांदूळ-गव्हाच्या कोठ्या खाली, पण जमिनीवर नाही. चार इंच उंच लाकडी स्टँडवर ठेवा, पोछ्याचं पाणी पत्र्याला लागता कामा नये. भिंतीपासूनही दोन इंच अंतर सोडा, म्हणजे मागे झाडू जातो. पश्चिमेची भिंत मे महिन्यात संध्याकाळपर्यंत तापलेली असते. तेलाचा पिपा, शेंगदाणे, तीळ, जवस तिला टेकवून ठेवले तर लवकर खवट होतात. उन्हाळ्यात दाणे फ्रिजमध्येच बरे.

नागपुरात आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे कुलर. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून उन्हाळ्यात सामान सादळणार नाही असं वाटतं. पण वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओलसर हवा थेट स्टोअरमध्ये शिरते आणि पापड-पोहे मऊ पडतात. कुलर चालू असताना स्टोअरचं दार बंद ठेवा आणि डबे भरायचं काम सकाळी, कुलर लावायच्या आधी उरका.

वर्षाचं धान्य नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात वाळवा. गहू आणि डाळी बोटभर जाडीच्या थरात, अकरा ते चार, दोन दिवस, मधून मधून हलवत. ऊन उतरलं की घरात आणून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. कोमट धान्य बंद केलं तर झाकणाला आतून घाम येतो आणि वरचा थर बुरसतो. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका. दाण्याला तडे जातात आणि भाताचा चुरा होतो. तो सावलीत पसरा.

सोंडा, म्हणजे तांदळातला सोंडेचा किडा, अंडी दाण्याच्या आत घालतो, त्यामुळे आणताना तांदूळ स्वच्छ दिसतो आणि महिनाभरानं अचानक भरून जातो. मूग-मटकी हातात घेऊन उजेडात बघा. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी आहेत, गोल भोक दिसलं तर किडा बाहेर पडून गेलेला आहे. निवडलेल्या स्वच्छ कडधान्याला किलोमागे एक चहाचा चमचा एरंडेल चोळून ठेवा, फार चांगला उपाय आहे. बेसनाच्या झाकणाखाली कडेला बारीक जाळी दिसली तर नुसतं चाळू नका, ते टाकून द्या. मग कडप्पा आणि भिंत यांच्यामधली फट नीट बघा, अळी कोष करायला तिथेच जाते. फट पुसून पांढऱ्या सिमेंटनं भरली नाही तर पुढच्या महिन्यात पतंग परत येतील. नवा रवा किंवा बेसन चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं की आतली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पीठ दमट होतं.

कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असेल तरच घाला, आणि त्यानं किडे मरतील अशी अपेक्षा ठेवू नका. धान्यातले किडे मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात कधीही, कुणीही सांगितलं तरी आणायच्या नाहीत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद घरात जीव घेतो. तांदळाला बोरिक पावडर चोळणंही सोडा, ते पोटात जाऊ नये.

मीठ आणि चिंच स्टीलच्या डब्यात नको, डब्याला बारीक खड्डे पडतात. काच किंवा चिनी माती घ्या. भिवापुरी तिखट पारदर्शक बरणीत ठेवलं तर उजेडानं रंग उडतो.

टिकवायचं काम किराणा आणायच्या दिवशी होतं. यादी करण्याआधी डबे उघडून बघा. नवं सामान जुन्यावर ओतू नका. जुनं ताटात काढा, डबा कोरडा पुसा, झाकणाच्या आट्यांत अडकलेलं पीठ ब्रशनं काढा, नवं खाली भरा आणि जुनं वर घाला. भरल्याची तारीख टेपवर लिहून डब्याच्या अंगाला चिकटवा, झाकणाला नको, कारण झाकणं बदलतात.

तरीही एखादी पुडी उरतेच. तिच्यासाठी झाकणाचा एकच डबा डोळ्यांसमोर ठेवा, पाच लिटरचा पुरे. उरलेल्या सगळ्या पुड्या त्यातच जातील, दुसरीकडे कुठेच नाही. तो भरला की आधी त्यातलं संपवा, मगच त्या वस्तू पुन्हा यादीत लिहा.