समुद्र दाराशी, तरी मासा का मेला?

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत राहतो. चाळीस लिटरच्या टाकीत किनाऱ्यावरचं पाणी भरलं आणि त्याच दिवशी दोन क्लाउनफिश सोडले. चौथ्या दिवशी एक मेला. पाणी खऱ्या समुद्राचं असून असं का? आणि उरलेल्याला जोडीदार कसा निवडायचा?

उत्तर : पाणी नुसतं खारं असून भागत नाही, टाकी मुरलेली लागते. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे नसतात. त्यात समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.२च्या आसपास, म्हणून तेवढाच अमोनिया इथे जास्त जहाल ठरतो. मासा वर येऊन धापा टाकत असेल, तर शंका अमोनियाचीच घ्या.

उरलेल्या माशासाठी रोज पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी तितकंच खारं, तितकंच कोमट हवं. खाद्य चिमूटभरच. शेजारी शंभर लिटरची टाकी लावा, फिल्टर चालू ठेवा आणि एक सोललेली कोळंबी आत टाका. ती कुजते, जिवाणू वाढतात. वास येईल, घरचे कुरकुरतील. चार ते सहा आठवडे सोसा. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात तो विषारी पदार्थ) दोन्ही शून्य आले की मगच मासा हलवा.

पाणी भरतीला, खाडीच्या मुखापासून लांब घ्या. पावसाळ्यात नकोच, नद्यांचं गोडं पाणी खारटपणा उतरवतं. त्यापेक्षा मत्स्यालयाचं तयार मीठ बरं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजणारं साधन) १.०२३ ते १.०२५. मिठागराचं खडेमीठ चालत नाही. मीठ धरण्याआधीच बरंचसं कॅल्शियम जिप्सम होऊन खाली बसतं आणि मॅग्नेशियम मीठ काढल्यावरच्या कडवट पाण्यात उरतं. पाणी आटलं की भर मात्र गोड्या पाण्याची घाला, कारण मीठ वाफ होऊन जात नाही. इथेच बरेच जण चुकतात.

जोडीदार आकाराने लहान निवडा. क्लाउनफिश आधी नर असतो; जोडीतला मोठा मादी होतो. दोन सारखे मोठे ठेवलेत तर मारामारी ठरलेली. समुद्रफूल (सी ॲनिमोन, ज्याच्या आसऱ्याने ते समुद्रात राहतात) नसलं तरी टाकीत त्यांचं बिघडत नाही. मालवणच्या खडकांवरून प्रवाळ मात्र उचलून आणू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.