एक्सप्लोडमधल्या टाळ्या
अरे, अनुवाद करताना इंग्रजी ‘एक्सप्लोड’ दिसलं की लगेच ‘स्फोट’ लिहू नकोस. मूळ लॅटिन: ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘प्लॉदेरे’ म्हणजे टाळ्या वाजवणं. रोममध्ये नट आवडला नाही की प्रेक्षक टाळ्या पिटून, हुर्यो करून त्याला रंगमंचावरून हाकलत. (टाळ्यांनी! आपल्याकडे शिट्ट्या लागतात.) ‘अप्लॉज’ही त्याच धातूचा. इंग्रजीत आधी आला तो ‘झिडकारणं’ हा अर्थ. दारूगोळ्याचा धडाका 18व्या शतकाच्या अखेरीस चिकटला. जुना अर्थ ‘एक्सप्लोड अ मिथ’मध्ये अजून जिवंत आहे. तिथे मी बिनधास्त ‘भ्रमाचा भोपळा फोडला’ लिहितो. आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ‘एक्सप्लोडेड व्ह्यू’ आला तर घाबरू नकोस, सुटे भाग वेगवेगळे मांडलेलं चित्र असतं ते.