गंजावर तीन थर दिले तर?

प्रश्न : वडिलांची १९६०च्या दशकातली मोटार मी सवडीने दुरुस्त करतोय. मडगार्ड आणि दरवाजे रंग उतरवून उघडे केलेत. एकजण म्हणतो, गंज बदलणारं रसायन लावा. दुसरा थेट गंजावर मारायचा पेंट सुचवतो, तिसरा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे उघड्या पत्र्यावर रंगाखाली द्यायचा पहिला थर. तिन्ही एकावर एक दिले तर?

उत्तर : नको. हे मी स्वतःच्या मडगार्डावर शिकलोय. गंजावर मारायच्या पेंटचा अर्धा डबा उरला होता, म्हणून तो मी नव्या चकचकीत पत्र्यावर फासला. पुढे दगड लागून टवका उडाला. कड नखाने ओढली तर वीतभर पापुद्रा केळ्याच्या सालीसारखा हातात आला! हवेतल्या ओलाव्याने वाळणारा हा युरेथेन खडबडीत, गंजलेल्या पत्र्याला घट्ट धरतो. गुळगुळीत पत्र्यावर त्याला पकडायला काही नसतं. शिवाय ऊन त्याला सोसत नाही, वर रंग लागतोच.

रसायनातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजावरच काम करतं. स्वच्छ पत्र्यावर टॅनिकवालं वाया जातं. जाड खपलीवर लावलंत तर वरचा पापुद्रा तेवढा बदलतो, खाली गंजाचं आपलं चालूच. आणि आम्लाचा अंश राहिला, तर इपॉक्सीची पकड गेली.

तुमचा पत्रा उघडा आहे, म्हणजे इपॉक्सी. आधी ८० नंबरच्या पेपरने घासा. मग ग्रीस काढणारं द्रावण एका फडक्याने लावा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. वाळू दिलंत तर मळ तिथेच बसतो. त्यानंतर पत्र्याला उघडा हात नाही, घामाच्या मिठाने बोटांचे ठसे गंजतात. प्रायमर त्याच दिवशी. ‘उद्या मारू’ म्हटलं की दमट हवेत रात्रीतून पिवळी झाक आलीच. खळगे बुजवायची लांबी (पुट्टी) इपॉक्सीच्या वर भरा, उघड्या पत्र्यावर नको. ती पाणी पिते. वाळूचा मारा चासीला उत्तम, पण बॉनेट किंवा दरवाजाच्या सपाट पत्र्यावर जोरात केला तर लाटा येतात आणि मग डेंटरचे पाय धरावे लागतात.

पण खरं सांगू? तुम्ही विचारताय ती बाहेरची बाजू. दरवाजा सडतो आतून. काचेच्या रबराशेजारून पाणी उतरतं, तळाची भोकं चिखलाने बुजलेली असतात, पत्र्याच्या दुमडीत ओल बसून राहते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून दुमड फुगते. बाहेर रंगाला बुडबुडा दिसतो तेव्हा आत पत्र्याचा कागद झालेला असतो. पोर्शेने ९११च्या बॉडीला जस्ताचा मुलामा दिला तो १९७० च्या दशकाच्या मध्यावर. तुमच्या गाडीच्या काळात बहुतेक पत्रे साधेच असत.

म्हणून आतल्या पोकळीत मेण, लांब नळीने, सगळ्या दुमडींवर. पण सर्वांत शेवटी! वेल्डिंगआधी घातलंत तर पेट घेतं, रंगाआधी घातलंत तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. मेण घातल्यावर भोकं तारेने मोकळी करा. मी एकदा विसरलो, तर प्रत्येक वळणावर दरवाजात पाणी डुचमळताना ऐकू यायचं. बायको म्हणाली, आता मासे सोडा.

इपॉक्सी गनने मारताना धुळीचा कापडी मास्क चालणार नाही. डब्यावर लिहिलेलाच वापरा.

गंजावरचा पेंट आधीच आणला असेल तर टाकू नका. फ्लोअरला खड्डे पडलेत, पण पत्रा शाबूत आहे, तिथे खपली खरवडून तोच मारा. उरलेल्या डब्याची कड पुसून झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घाला. नाहीतर झाकण असं चिकटतं, की पुढच्या वेळी डबा कापावा लागतो.