'सेमी-डिटॅच्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

'सेमी-डिटॅच्ड इटालियनेट हाउसेस'चं भाषांतर मी 'अर्धविलग इटालियन घरे' केलंय, चालेल का, असा एका अनुवादकाचा प्रश्न आहे. सेमी-डिटॅच्ड म्हणजे मधली एक भिंत वाटून घेणारी, शेजारीशेजारी चिकटलेली दोन घरं. मी तरी दोन्ही शब्द बदलेन.

अर्धविलग म्हटलं की डोळ्यासमोर काहीच येत नाही. अर्धस्वतंत्र तर त्याहून वाईट, एखादं संस्थान वाटतं. सरळ 'जुळी घरं' म्हणा. अमेरिकेत फिलाडेल्फियात लोक अशा घराला 'ट्विन'च म्हणतात आणि आपल्याकडच्या जाहिरातींतही 'ट्विन बंगलो' असतंच की. जोडबंगलाही सुचला होता, पण जोडधंद्यासारखं, मूळ बंगल्याला मागाहून काहीतरी जोडलंय असं वाटतं, आणि इथे तसं नसतं, दोन्ही घरं एकदमच बांधलेली असतात, नकाशा बहुतेक वेळा आरशात धरल्यासारखा उलटा आणि मधे एक सामाईक भिंत (हा शब्द खरेदीखतातला, पार्टी वॉलला अगदी चपखल). फिलाडेल्फियातल्या वुडलँड टेरेस ह्या रस्त्यावरची १८६१ची इटालियनेट घरं बघा, सॅम्युअल स्लोन ह्या आर्किटेक्टची मानतात, सगळी गंमत जोडीत आहे, रस्त्यावरून एकच ऐसपैस व्हिला दिसावा आणि आत संसार मात्र दोन. आता अर्ध्याचा मालक आपल्यापुरता वेगळा रंग काढतो तेव्हा तो व्हिला बरोब्बर मधोमध चिरल्यासारखा दिसतो ही गोष्ट वेगळी!

आता इटालियनेट. हे 'इटालियन' नव्हे. इटलीतल्या ग्रामीण व्हिलांवरून उचललेली ही फॅशन इंग्लंडात रुजली, जॉन नॅश ह्या आर्किटेक्टने १८०२च्या सुमारास श्रॉपशरमधे क्रॉन्कहिल हे घर बांधलं तिथपासून धरतात, पुढे व्हिक्टोरिया राणीचं ऑस्बोर्न हाउस १८४५ ते ५१ मधे झालं आणि मग अमेरिकेतही हे लोण पसरलं. म्हणून 'इटालियन धाटणीची' म्हणा, नाहीतर इटालियनेटच ठेवा.

त्याच भाषांतरात घरांच्या वर्णनात ईव्ह्जला 'छताची पुढे आलेली कड' लिहिलंय ते कशाला? वळचण हा शब्द आहे ना आपला! कमी उताराचं छप्पर, बाहेर भरपूर आलेली वळचण आणि तिच्याखाली ओळीने नक्षीदार ब्रॅकेट (भिंतीतून पुढे आलेले टेकू), पुष्कळदा दोन-दोनच्या जोडीत, हीच ह्या शैलीची पटकन पटणारी खूण. खिडक्या उंच, अरुंद, वरून कमानदार. ब्रॅकेटला ब्रॅकेटच राहू द्या, 'कंस' केलंत तर लोक गणित समजतील.

आणि दोनातल्या एकाच घराबद्दल लिहायचं असेल तर 'जुळ्यातलं डावीकडचं घर', बास.