विमानतळातला ‘तळ’

प्रश्न असा आला आहे: ‘पुण्याच्या एकाच बातमीत वर “पुणे विमानतळ” आणि खाली “लोहगाव हवाई तळ” असं छापलं होतं. या दोन जागा आहेत की एकच? आणि हिंदीत “विमानपत्तन” लिहितात, तर शुद्ध मराठीतही तेच म्हणायला हवं का?’

जागा एकच, धावपट्टीही एकच. पण नावं दोन आहेत ती उगाच नाहीत. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. २००२ साली सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान हवाई दलात आलं ते इथूनच. प्रवासी विमानं त्या धावपट्टीवर पाहुणी. म्हणून तुमचं दिल्लीचं विमान उतरतं ते पुणे विमानतळावर आणि त्याच्या मागोमाग सुखोई उतरतं ते लोहगाव हवाई तळावर. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी हवाई तळ दोन आठवडे बंद राहिला, तेव्हा विमानतळही आपोआप बंद! गेल्या खेपेला सुरक्षातपासणी उरकून मी खिडकीपाशी चहा घेऊन बसलो होतो. बाहेर सुखोईंची जोडी उडाली, काच थरथरली आणि कागदी कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठली. शेजारच्या छोट्या मुलीने आजोबांना विचारलं, ‘हे आपलं विमान का?’ आजोबा म्हणाले, ‘नाही गं, ते त्यांचं.’ विमानतळ आणि हवाई तळ यांतला फरक मला याहून सोपा करून सांगता येणार नाही.

गोव्यात दाबोळीतही हाच प्रकार आहे, फक्त तिथे यजमान नौदल. हा विमानतळ बांधला पोर्तुगीजांनी. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले. पुढे तिथे नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आला. म्हणून दाबोळीच्या बातमीत ‘नौदलाचा हवाई तळ’ आणि ‘विमानतळ’ दोन्ही आले तर गोंधळू नये. गोव्यातल्याच दुसऱ्या, मोपाला मात्र नुसताच विमानतळ.

आता खरा मजेचा भाग, तो ‘तळ’. बऱ्याच जणांना वाटतं की ‘विमानतळ’ हे एअरपोर्टचं भाषांतर आहे. मला तसं वाटत नाही. भाषांतरच करायचं असतं तर पोर्ट म्हणजे बंदर, म्हणून ‘विमानबंदर’ झालं असतं. बंगालीत अगदी तसंच झालं आहे, तिथे ‘बिमानबंदर’ म्हणतात. हिंदीने संस्कृताकडे जाऊन ‘पत्तन’ उचलला. मराठीने बंदर सोडलं आणि छावणीतला शब्द घेतला. फौजेचा तळ पडतो, तळ उठतो, पाहुणे आठवडाभर तळ ठोकून बसतात. वारीतला पालखीतळ बघा: सासवड, लोणंद, फलटण. पालखी संध्याकाळी येते, रात्रभर टेकते, पहाटे पुढे निघते. विमान काय वेगळं करतं? येतं, टेकतं, इंधन भरतं, निघतं. वाहनतळातही तोच तळ आहे. मल्याळममध्ये ‘विमानत्तावळम्’ म्हणतात, त्यातल्या ‘तावळम्’चा अर्थही मुक्कामाची जागा, तळ. तेलुगू ‘विमानाश्रयम्’ म्हणून विमानाला आश्रय देते, गुजराती ‘हवाई मथक’ म्हणते. हिंदीतला बोलण्यातला ‘हवाई अड्डा’ आपल्याकडे चाललाच नसता, कारण मराठी कानाला अड्डा म्हटलं की आधी मटका आठवतो.

आणि हा तळ जुन्या विमानवाहतुकीला फार चपखल बसतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एक इंजिनाच्या पस मॉथमधून जुहूला उतरले. तिथून त्यांचा सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंटने ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग सगळा बारदाना उचलून पुण्याला न्यायचा आणि येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावरून उड्डाणं करायची! याला तळ हलवणं नाही तर काय म्हणायचं? नागपूरचं सोनेगाव घ्या. १९४९ पासून तिथे मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी टपालाची विमानं यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. पालखीतळाचाच हा रात्रपाळीतला अवतार.

‘विमानपत्तन’ चुकीचा शब्द नाही. पत्तन म्हणजे नगर, बंदर. विशाखापट्टणममधलं पट्टण त्याच घरातलं. १९९५ साली झालेल्या प्राधिकरणाचं हिंदी नावच ‘भारतीय विमानपत्तन प्राधिकरण’ आहे. पण मराठी मजकुरात ‘भारतीय विमानतळ प्राधिकरण’च लिहावं. एक तर विमानतळ रुळलेला शब्द आहे. दुसरं म्हणजे घाईत वाचणाऱ्याला पत्तनमध्ये ‘पतन’ दिसतं, आणि विमानात बसायच्या आधी तो शब्द कुणाला नको. (संस्कृतात ‘पत्’ म्हणजे पडणं आणि उडणं, दोन्ही. पतन आणि पतंग एकाच धातूचे. ही माहिती उड्डाणाची भीती वाटणाऱ्यांना सांगू नये.)

बोलताना आपण सगळे ‘एअरपोर्ट’च म्हणतो हे मान्य. बसच्या पाटीवर ‘विमानतळ’ असतं आणि कंडक्टर ‘एअरपोर्ट, एअरपोर्ट’ ओरडतो. त्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती ‘राज्यातील विमानतळे’ या छापील प्रयोगाला. विहिरीचा तळ, फौजेचा तळ, तसा मुंबईचा विमानतळ: तो पुल्लिंगी. ‘नवे विमानतळ सुरू झाले’ असं एका विमानतळाबद्दल लिहू नये. ‘नवा विमानतळ सुरू झाला’. अनेकवचनात शब्द बदलत नाही: एक विमानतळ, दहा विमानतळ. आणि ‘विमानतळावर’ म्हणायचं, ‘विमानतळ्यावर’ नाही, कारण ‘तळ्यावर’ हे रूप तळं या शब्दाचं. पावसाळ्यातल्या जुन्या जुहूपुरतं वाटल्यास चालवून घेऊ.